एक्स-रेमध्ये न दिसणारी दुखापत

दिल्लीत आयटीओच्या परिसरात, यमुनेलगतच्या इंद्रप्रस्थ इस्टेटमध्ये इंदिरा गांधी क्रीडासंकुल आहे. बदलीनिमित्त महाराष्ट्रातून राजधानीत आलेल्या माणसाला या संकुलात एक ओळखीचे नाव भेटते. 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी येथे कुस्तीचे नवे सभागृह बांधण्यात आले आणि त्याला खाशाबा दादासाहेब जाधव यांचे नाव देण्यात आले. पुढे बॅडमिंटनच्या इंडिया ओपन स्पर्धाही याच सभागृहात खेळल्या गेल्या. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लाने 1952 मध्ये हेलसिंकी येथे बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. तारण आणि कर्ज यांच्याशी रोजचा संबंध असणाऱ्या बँकेतील वाचकांनी तर ही हकिगत विसरूच नये अशी आहे.

हेलसिंकीच्या वेळी खाशाबा अवघे 26 वर्षांचे होते. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिककडे त्यांची दृष्टी लागलेली असणे स्वाभाविक होते. परंतु त्यापूर्वीच त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्यांची स्पर्धात्मक कुस्ती तेथेच थांबली. 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले होते. उरलेले आयुष्य त्या सेवेत गेले.

खाशाबांच्या पिढीत गुडघा दुखावला की खेळ संपला, असेच समजले जाई. आज तसे समजण्याचे कारण नाही. मात्र आजही अनेक गुडघे कायमचे अधू होतात, आणि त्याला पुष्कळदा कारणीभूत ठरते ते एक दिलासा देणारे वाक्य: "एक्स-रे अगदी स्वच्छ आहे, हाड मोडलेले नाही." हे वाक्य खरे असते. पण गुडघ्याच्या बाबतीत ते पुरेसे नसते. ते का, हे समजण्यासाठी गुडघ्याची रचनाच पाहावी लागते.

दोन उखळे आणि एक पाट

खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल गड्डा एका खोल खोबणीत बसलेला असतो. तो सांधा हाडांच्या घडणीमुळेच पक्का असतो. गुडघ्याचे तसे नाही. मांडीचे हाड, म्हणजे फीमर, हे मानवी शरीरातील सर्वांत लांब हाड. त्याच्या खालच्या टोकाला दोन गोलसर उंचवटे असतात. त्याखाली येते नडगीचे हाड, म्हणजे टिबिया. त्याचा वरचा भाग जवळजवळ सपाट असतो. उखळाचे दोन गोल बुड एखाद्या पाटावर ठेवावेत तशी ही मांडणी आहे. नुसती हाडे एकावर एक ठेवली तर ती क्षणभरही स्थिर राहणार नाहीत. नडगीच्या बाहेरच्या बाजूला असणारे बारीक हाड, फिब्युला, हे तर प्रत्यक्ष सांध्यात सहभागीच होत नाही. एका महत्त्वाच्या बंधाला टेकू देण्यापुरते ते गुडघ्याच्या उपयोगी पडते.

समोर असते ती वाटी. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा जो जाड कंडरा नडगीपर्यंत जातो, त्याच्या आतच हे हाड घडते. कंडरात घडणाऱ्या हाडांपैकी शरीरातील सर्वांत मोठे हाड हेच. नवजात बालकाच्या गुडघ्यात ही वाटी केवळ कूर्चेची असते. तीन ते सहा वर्षांच्या वयात तिचे हळूहळू हाड बनते. विहिरीवरच्या रहाटाने दोर ओढणे सोपे व्हावे, तसे वाटीमुळे मांडीच्या स्नायूंना पाय सरळ करणे सोपे जाते.

मग हा सांधा टिकतो कशावर? चार बंधांवर. हाडाला हाडाशी जोडणाऱ्या या चिवट तंतूंच्या पट्ट्यांना शास्त्रीय मराठीत अस्थिबंध म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी आणि आता सर्वांच्याच तोंडी 'लिगामेंट' हा शब्द रुळला आहे. गुडघ्याच्या आतल्या कडेला एक रुंद, पट्टीसारखा बंध असतो. बाहेरच्या कडेला दोरीसारखा गोल बंध असतो आणि तो त्या बारीक फिब्युलाला जाऊन मिळतो. हे दोघे गुडघ्याला आत-बाहेर वाकू देत नाहीत. उरलेले दोन सांध्याच्या ऐन गाभ्यात, एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. त्यांतला पुढचा फुलीबंध नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही आणि पायाला पीळ बसला तर आवर घालतो. याचेच इंग्रजी संक्षिप्त नाव एसीएल. मागचा फुलीबंध त्याहून जाड व बळकट. तो नडगीला मागे घसरू देत नाही. एसीएलची लांबी जेमतेम तीन ते साडेतीन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या निम्म्याच्या आसपास. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या धावण्या-वळण्याचा भार एवढ्याशा दोरीवर असतो हे एरवी कुणाच्या ध्यानीही येत नाही.

याखेरीज हाडांच्या मध्ये दोन चंद्रकोरीसारख्या कूर्चा असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात, बोलीत 'गादी'. त्या भार वाटून घेतात आणि सपाट नडगीला किंचित खोलगटपणा देतात.

हे सर्व बंध आणि गाद्या एक्स-रेमध्ये उमटत नाहीत. तेथे दिसतात ती हाडे, आणि हाडांच्या मधली काळी पोकळी. जी वस्तू तुटलेली असते ती नेमकी त्या पोकळीत असते.

बंध तुटतो कसा

एसीएल तुटण्यासाठी कुणाचा धक्का लागावाच लागतो असे नाही. धावता धावता एकदम थांबणे, पाऊल जमिनीला रुतलेले असताना शरीर वळवणे, उडी मारून सरळ पायावर उतरणे, एवढ्याने तो तुटू शकतो. फुटबॉल, कबड्डी, बॅडमिंटन, कुस्ती या सर्व खेळांत असे क्षण वारंवार येतात. स्त्री खेळाडूंमध्ये ही दुखापत पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. मागच्या फुलीबंधाची दुखापत वेगळ्या प्रकारची. मोटार समोर आदळली आणि वाकलेला गुडघा डॅशबोर्डवर आपटला की नडगी मागे ढकलली जाते आणि तो बंध तुटतो. दुचाकीवरून पडतानाही हेच घडते.

दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात या दोन्ही प्रकारांना तोटा नाही. नोएडा किंवा गुरुग्रामच्या एखाद्या वसाहतीत आठवडाभर खुर्चीवर बसलेला अधिकारी रविवारी सकाळी अंग न तापवता थेट बॅडमिंटनच्या मैदानात उतरतो. समजा, तिसऱ्याच खेळीत त्याने मागे झेप घेतली आणि गुडघ्यात 'टक' असा आवाज आला. तो खाली बसला. दोन-तीन तासांत गुडघा फुगला. संध्याकाळी एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले, आणि क्रेप बँडेज बांधून तो घरी परतला. तीन आठवड्यांत सूज ओसरली, वेदना थांबल्या. आता तो व्यवस्थित चालू लागला. सपाट रस्त्यावर, सरळ रेषेत. मग एके दिवशी मेट्रो स्थानकाच्या जिन्यावरून उतरताना, गर्दीत अंग जरासे वळवले आणि गुडघा अचानक खालून निसटल्यासारखा झाला.

या कहाणीतले तीन तपशील तज्ज्ञाला पहिल्याच दिवशी पुरेसे वाटले असते: आवाज, काही तासांतच आलेली सूज, आणि पुढे खेळणे अशक्य होणे. झटपट येणारी सूज बहुधा सांध्यात झालेल्या रक्तस्रावाची असते. साध्या मुरगळण्याची सूज सावकाश येते. त्यानंतर गुडघा निसटणे हे चौथे लक्षण. अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा थोडा वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढून पाहतो. ती नेहमीपेक्षा जास्त पुढे आली आणि शेवटी ठाम अटकाव जाणवला नाही, तर बंध तुटल्याचे तेथेच कळते. फिलाडेल्फियाच्या जॉन लॅकमन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. तिला ना यंत्र लागते ना वीज. एमआरआयमुळे निदानाला पुष्टी मिळते आणि गादीची अवस्था कळते. पण हाताने तपासणी न करता थेट एमआरआयचा कागद हाती देण्याची जी प्रथा शहरांत पडू पाहते आहे, ती काही फार कौतुकाची नाही.

जुन्या दिल्लीत हाडे बसवून देणाऱ्या पहिलवानांच्या पाट्या आजही दिसतात, आणि महाराष्ट्रात हाडवैद्यांवर श्रद्धा असणारी कुटुंबे कमी नाहीत. त्यांच्या हाताला अनुभव असतो हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नुकत्याच दुखावलेल्या, रक्ताने भरलेल्या गुडघ्याला तेल लावून रगडणे किंवा ओढून 'बसवणे' हे निश्चितच हानिकारक आहे. पहिल्या दोन दिवसांत विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, हलका दाब देणारी पट्टी आणि उशीवर उंच ठेवलेला पाय यांपलीकडे घरी काही करू नये.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुडघ्याची शस्त्रक्रिया म्हटली की दिल्लीकरांना तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी आठवतात. ऑक्टोबर 2000 मध्ये डावा आणि जून 2001 मध्ये उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आले; न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्या शस्त्रक्रिया केल्या. तो उपचार होता झिजलेल्या सांध्यावरचा. हाडांची घासलेली टोके काढून तेथे धातू व प्लास्टिकचे भाग बसवले जातात. बंधाच्या दुखापतीत हाडे धडधाकट असतात, आणि रुग्णही बहुधा तरुण असतो. मात्र या दोन आजारांत नाते आहे. बंध तुटलेला गुडघा वर्षानुवर्षे निसटत राहिला की गादी फाटते, कूर्चा खरवडली जाते, आणि पंचविशीत पडलेला माणूस पन्नाशीच्या आतच संधिवाताच्या दारात उभा राहतो.

दुरुस्ती

बाजूचे बंध, विशेषतः आतल्या कडेचा, पट्टा बांधून आणि विश्रांती देऊन पुष्कळदा आपोआप जुळतात. त्यांना रक्तपुरवठा चांगला असतो. एसीएलचे दैव तितके चांगले नाही. तो सांध्यातील वंगणासारख्या द्रवात बुडालेला असतो. त्या द्रवात रक्ताची गुठळी टिकत नाही आणि गुठळीशिवाय जखम भरून येण्याचे काम सुरूच होत नाही. तुटलेली टोके टाक्यांनी जोडण्याचे प्रयत्नही अनेक दशके निराशाजनक ठरले. म्हणून तुटलेल्या बंधाच्या जागी नवा बंध घालण्याची कल्पना पुढे आली. ब्रिस्टलचे शल्यविशारद हे ग्रोव्ह्ज यांनी 1917 मध्येच मांडीवरील आवरणाची पट्टी वापरून तसा प्रयत्न केला होता. परंतु तेव्हा सांधा पूर्ण उघडावा लागे. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी 1918 मध्ये मूत्राशय तपासण्याची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी दुर्बीण सुधारून 1962 मध्ये तिच्या साहाय्याने फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. खाशाबांची कुस्ती थांबून तोवर सहा-सात वर्षे लोटली होती. दुर्बिणीतून एसीएल नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली ती त्यानंतर सुमारे दोन दशकांनी.

आता ही शस्त्रक्रिया अशी होते. रुग्णाच्याच मांडीच्या मागील स्नायूंचे एक-दोन कंडरे, किंवा वाटीखालच्या कंडराची मधली पट्टी काढून घेतात. मांडीच्या व नडगीच्या हाडांत बारीक बोगदे पाडून ती पट्टी जुन्या बंधाच्या जागी ओवतात आणि दोन्ही टोकांना धातूच्या बटणाने किंवा स्क्रूने घट्ट करतात. बाहेर दिसतात त्या दोन-तीन लहानशा खुणा. दिल्लीत 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने सफदरजंग रुग्णालयाच्या आवारात खेळाडूंच्या दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. सरकारी रुग्णालयाच्या खर्चात सर्वसामान्यांनाही असे उपचार मिळू लागले, ही त्या स्पर्धांची कमी चर्चिली गेलेली कमाई होय.

परंतु प्रत्येक तुटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया हवीच असते असेही नाही. स्वीडनमधील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात 121 तरुण, सक्रिय रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटातील 59 जणांनी आधी व्यायामोपचार घेतले आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया करवून घेतली. दोन वर्षांत या 59 पैकी 23 जणांनी ती करवून घेतली. उरलेल्यांना तिच्याविना भागले, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांची एकूण स्थिती जवळपास सारखीच राहिली. ज्याला वळणाचे, उड्यांचे खेळ खेळायचे आहेत, ज्याचा गुडघा दैनंदिन वावरातही निसटतो किंवा ज्याची गादीही फाटली आहे, त्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेचे पारडे जड होते. चालणे, पोहणे, सायकल आणि कार्यालय एवढेच ज्याचे जग आहे, त्याने मांडीचे स्नायू कसून बळकट केले तर त्याला शस्त्रक्रिया टाळताही येते. हा निर्णय घाईत, दुखापतीच्या दुसऱ्या दिवशी घेण्याची बहुधा आवश्यकता नसते.

घाईचे मोल

नवी पट्टी बसवली म्हणजे नवा बंध मिळाला, असा समज चुकीचा ठरतो. मूळ जागेवरून उचललेल्या कंडराचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत त्यातल्या पेशी मरतात, मग आजूबाजूच्या रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नवे तंतू विणले जातात, आणि अनेक महिन्यांनी कंडराचे रूपांतर बंधासारख्या ऊतीत होते. गंमत अशी की शस्त्रक्रियेनंतर दीड-दोन महिन्यांनी रुग्णाला सर्वांत बरे वाटू लागते, आणि पट्टी साधारण त्याच काळात सर्वांत दुबळी असते. नॉर्वेतील ओस्लो आणि अमेरिकेतील डेलावेअर येथील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले, की नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके महिने लांबवावे, तितक्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. नुसते महिने मोजूनही भागत नाही. दुखावलेल्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या तुलनेत किमान नव्वद टक्के झाली आहे काय, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येते काय, हे तपासूनच मैदानाची परवानगी दिली जाते.

हरियाणाच्या चरखी दादरी जिल्ह्यातील बलाली गावची विनेश फोगाट या सर्व अनुभवातून दोनदा गेली. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपउपान्त्य लढतीत तिचा उजवा गुडघा दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. दोन वर्षांनी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. ऑगस्ट 2023 मध्ये सरावात डाव्या गुडघ्याचा बंध तुटला. 17 ऑगस्टला मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि हांगचौची आशियाई स्पर्धा हुकली. त्यानंतर वर्ष पुरे होण्याआधीच, 6 ऑगस्ट 2024 रोजी, पॅरिसमध्ये जपानची ऑलिंपिक विजेती युई सुसाकी हिला हरवून तिने अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम अधिक वजनामुळे तिला बाद ठरवण्यात आले, हे दुःख सर्वांना ठाऊक आहे. गुडघ्यांनी मात्र त्या दिवशी तिला दगा दिला नव्हता.

आणि दिल्लीचा यष्टिरक्षक ऋषभ पंत. 30 डिसेंबर 2022 च्या पहाटे दिल्लीहून रुरकीकडे स्वतः मोटार चालवत जाताना त्याची गाडी दुभाजकावर आदळली. हरियाणा परिवहनच्या एका बसचा चालक आणि वाहक यांनी त्याला मदत केली. त्याचा उजवा गुडघा सांध्यातून निखळला होता. अशा वेळी गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी किंवा मज्जातंतू दुखावला तर पायच गमवावा लागण्याची भीती असते; ती भीती आपल्यालाही वाटली होती, असे पंतने पुढे एका मुलाखतीत सांगितले. डेहराडूनहून त्याला विमानाने मुंबईला आणण्यात आले. 6 जानेवारी 2023 रोजी कोकिळाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी त्याच्या गुडघ्याचे तीन बंध नव्याने उभारले आणि गादीही दुरुस्त केली.

त्यानंतरचे महिने कुबड्या, पोहण्याचा तलाव आणि बंगळूरच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीतील व्यायामशाळेत गेले. 2023 ची आयपीएल गेली, त्याच वर्षी भारतात झालेली विश्वचषक स्पर्धाही गेली. अपघातानंतर जवळपास पंधरा महिन्यांनी, 23 मार्च 2024 रोजी तो दिल्ली कॅपिटल्सचा कर्णधार म्हणून मैदानात उतरला. यष्टिरक्षकाला प्रत्येक चेंडूला उकिडवे बसून उठावे लागते. गुडघा पूर्ण वाकण्याची आणि भार सोसण्याची याहून कठोर परीक्षा क्रिकेटमध्ये दुसरी नाही. सप्टेंबर 2024 मध्ये चेन्नईला बांगलादेशविरुद्ध तो कसोटी क्रिकेटमध्ये परतला. बांगलादेशचा पहिला डाव 149 धावांत संपेपर्यंत तो यष्टीमागे उठत-बसत होता. त्यानंतर भारताच्या दुसऱ्या डावात त्याने 109 धावा केल्या.